स्थलांतर, ओसरती गावे आणि धाडसारखी बाजारपेठ

माणसांनी गाव सोडणे विकासाची खूण असते की ऱ्हासाची, हे माणूस का गेला, काय घेऊन गेला आणि मागे काय उरले यावर ठरते. शिक्षण घेऊन चांगल्या पगारावर गेलेला तरुण आणि आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी सहा महिने उसाच्या फडात राबणारे जोडपे या दोघांची नोंद ‘स्थलांतरित’ अशीच होते. एकाने पर्याय निवडलेला असतो, दुसऱ्यापुढे पर्यायच नसतो. बुलढाणा जिल्ह्यातील धाड आणि आसपासची चांडोळ, मासरूळ, जामठी यांसारखी गावे हा फरक समजून घ्यायला उपयोगी पडतात. कोरडवाहू शेती, लहान होत गेलेली जमीन, जवळची औद्योगिक शहरे आणि मधोमध एक बाजारपेठेचे गाव ही मांडणी विदर्भ-मराठवाड्याच्या मोठ्या पट्ट्यात सर्वत्र दिसते.

सीमेवरचे गाव

धाड हे बुलढाणा तालुक्यातील मोठे गाव आहे. बुलढाण्याहून भोकरदनमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विदर्भ संपून मराठवाडा सुरू होतो त्या टोकाला ते वसले आहे. प्रदेश म्हणून हा भाग एकच आहे. माती, बोली आणि सोयरीक सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच. मात्र १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, तेव्हा धाड वऱ्हाडात गेले आणि भोकरदन निजामाच्या राज्यात राहिले. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात सामील झाले, तरी ही रेघ पुसली नाही. आजही धाडचा महसूल विभाग अमरावती आणि शेजारच्या भोकरदनचा छत्रपती संभाजीनगर आहे. योजना आणि अनुशेष या रेषेनुसार ठरतात. रोजगार शोधणारा माणूस मात्र ती मानत नाही. धाडच्या तरुणाला नागपूरपेक्षा जालना आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज कितीतरी जवळ पडतात.

या भागाला व्यापाराची परंपरा जुनी आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचा उल्लेख सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत सापडतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. लोहमार्ग आला, खामगावला १८७० मध्ये रेल्वेची शाखा पोहोचली, जिनिंग कारखाने उभे राहिले आणि बाहेरची माणसे वऱ्हाडात कामाला येऊ लागली. आज माणसे बाहेर पाठवणारा हा प्रदेश एके काळी माणसे बोलावून घेत होता. ही भरभराट रेल्वेच्या कडेने पसरली. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही घाटाखालची गावे वाढली. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा घाटमाथा, म्हणजे बुलढाणा, चिखली, धाड हा भाग, रेल्वेविना राहिला. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजी काळापासून चालू आहे.

पाणी, जमीन आणि पीक

धाड परिसरातून माणसे बाहेर का पडतात याचे पहिले कारण भूगोलात आहे. अजिंठ्याची रांग ही तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांमधली पाणलोट रेषा आहे. पैनगंगेचा उगम याच बुलढाणा तालुक्यात, मढजवळच्या बुधनेश्वरला होतो. नद्या येथे उगम पावतात, पण त्यांना भरपूर पाणी मिळते ते खाली गेल्यावर. उगमाजवळचे पाणलोट क्षेत्र लहान, उतार तीव्र आणि खाली काळा पाषाण असल्यामुळे पाऊस पडतो तसा वाहून जातो. मोठ्या धरणाला येथे जागा नाही. शेतीचा भार विहिरी, लहान तलाव आणि शेततळी यांच्यावर पडतो. पाऊस चांगला झाला की विहिरीला हिवाळाभर पाणी पुरते. खंड पडला की रब्बी हातची जाते.

दुसरे कारण जमिनीच्या वाटण्यांचे आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेपर्यंत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे दोन पिढ्यांत सरासरी धारणा एक तृतीयांशाहूनही कमी झाली. कोरडवाहू सव्वा हेक्टरवर सोयाबीन आणि कापूस घेऊन पाच-सहा माणसांचे वर्ष निघत नाही.

तिसरे कारण पिकांच्या बदलात आहे. ज्वारी मागे पडून सोयाबीन आले. सोयाबीनची पेरणी, फवारणी आणि सोंगणी जेमतेम चार महिन्यांत उरकते. मळणी यंत्राने होते. ज्वारीमुळे घरात धान्य आणि जनावरांना कडबा मिळत असे. सोयाबीन थेट बाजारात जाते. त्यामुळे रोख पैसा हाती येऊ लागला, पण वर्षभर पुरणारे काम आणि जनावरांचा चारा दोन्ही कमी झाले. भाव पडला की त्याच पैशातून किराणा, खत आणि कर्जाचा हप्ता भागवावा लागतो. कापसात २००२ नंतर बीटी बियाणे आले. उत्पादन वाढले तसा खर्चही वाढला आणि कोरडवाहू शेतकऱ्याची जोखीम मोठी झाली. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. ते मिळालेल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता.

कोण जाते, कुठे जाते

इंग्लंडमधील जनगणनेच्या आकड्यांवरून ई. जी. रेव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्ये स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसे जवळच जातात. लांबचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये त्यात आणखी एक गोष्ट जोडली. गावातून ढकलणारी आणि शहराकडे ओढणारी कारणे असतातच, पण मधले अडथळेही असतात. खर्च, ओळख, भाषा, राहण्याची सोय हे अडथळे ज्याला ओलांडता येतात तोच निघतो. म्हणूनच सर्वांत गरीब माणूस अनेकदा सर्वांत दूर जात नाही. तो मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या उचलीवर, मुकादम नेईल तिथे जातो.

धाड परिसरातून होणाऱ्या स्थलांतराचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला लग्नाचा. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक अंतर्गत स्थलांतरित नोंदले गेले आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचे कारण विवाह होते. त्यात अर्थातच स्त्रिया बहुसंख्य. सासरी गेलेली स्त्री तेथे शेतावर, घरात आणि मजुरीवर राबते, पण तिच्या जाण्याकडे आर्थिक घटना म्हणून कोणी पाहत नाही.

दुसरा प्रकार शिक्षणाचा. दहावी-बारावीनंतर मुले बुलढाणा, चिखली, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला जातात. काही स्पर्धा परीक्षांच्या तयारीत वर्षे घालवतात. यांपैकी परतणारे थोडेच.

तिसरा ‘कंपनीत’ जाणाऱ्यांचा. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. जालन्यात लोखंडी सळया आणि बियाणे हे दोन उद्योग वाढले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे महिकोची स्थापना केली. पुढे चाकण, रांजणगावची ओढ लागली. या तरुणांतील पुष्कळ जण ठेकेदाराकडे कंत्राटी असतात. नोकरी पक्की नसते म्हणून ते शेती विकत नाहीत, आणि शेती पुरत नाही म्हणून नोकरी सोडत नाहीत.

चौथा प्रकार हंगामी. बुलढाणा जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातून मजूर ऊसतोडीला, वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. ऊसतोडीचा हिशेब माणसांत नव्हे, कोयत्यांत होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आधी मुकादम उचल देतो, टोळी कारखान्याच्या परिसरात कोप्या उभारते आणि मार्च-एप्रिलपर्यंत तोड चालते. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. मजुरी हाती येण्याआधीच खर्च होणे हे या व्यवस्थेचे मूळ आहे. बिनव्याजी आणि बिनतारण वाटणाऱ्या या रकमेच्या बदल्यात मजुराचा पुढचा हंगाम बांधला जातो.

यातून एक विसंगती निर्माण होते. कपाशीच्या वेचणीला आणि मिरचीच्या तोडणीला गावात मजूर मिळत नाहीत अशी तक्रार शेतकरी करतो, आणि त्याच गावातून मजूर बाहेर जातो. दोन्ही खरे आहे. गावातले काम आठवडा-दोन आठवडे मिळते आणि रोजाने मिळते. बाहेरचे काम अवघड असले, तरी त्याची एकरकमी उचल आधी मिळते. लग्न, दवाखाना किंवा घराचे छत यांसाठी मजुराला एकरकमी पैसाच लागतो. गावात त्याला तेवढे कर्ज देणारे कोणी असते, तर त्याने वेगळा निर्णय घेतला असता.

मोजणीत न येणारी माणसे

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि दहा वर्षांत ती सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती. शहरी लोकसंख्येचे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास होते. याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्ष घटली. रत्नागिरीत जवळपास पाच टक्के. कोकणातील ऱ्हास डोकी मोजून दिसतो. धाडच्या पट्ट्यात तो तसा दिसत नाही. येथे माणसांची संख्या कमी होण्याआधी काम करणाऱ्या वयातील माणसे कमी होतात. घरे उघडी असतात, पण वर्षातले सहा महिने त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडेच असतात.

जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत होते आणि त्याच महिन्यात ऊसतोड जोरात असते. दरवर्षी जाऊन परत येणाऱ्या माणसाला ‘स्थलांतरित’ म्हणून टिपणारी रचना या मोजणीत नाही. २०२१ ची जनगणना लांबल्यामुळे हाती असलेले आकडेही जुने झाले आहेत. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही. रेशनच्या बाबतीत ‘एक देश, एक रेशन कार्ड’ या २०१९ मध्ये सुरू झालेल्या योजनेने धान्य कुठेही मिळण्याची सोय केली, हे महत्त्वाचे पाऊल होते. शाळेच्या बाबतीत महाराष्ट्राने दोन उपाय केले आहेत. आई-वडील बाहेर गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आणि दुसऱ्या गावच्या शाळेत विनाअडथळा प्रवेश देणारे शिक्षण हमी पत्रक. वसतिगृह टोळी निघण्याआधी, म्हणजे दिवाळीपूर्वी उघडले तरच त्याचा उपयोग होतो. टोळी गेल्यानंतर उघडलेल्या वसतिगृहात यायला मूल गावात उरत नाही.

गेलेल्या माणसाचा पैसा

अर्थशास्त्रात स्थलांतराकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन आहेत. आर्थर लुइस यांनी १९५४ मध्ये मांडले, की शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे असतात. ती उद्योगात गेली तर शेतीचे उत्पादन न घटता देशाचे एकूण उत्पादन वाढते. या हिशेबाने धाडचा तरुण वाळूजला गेला तर सर्वांचेच भले आहे. गुन्नार मीर्दाल यांनी १९५७ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. वाढणारे शहर आसपासच्या भागातून तरुण, पैसा आणि कौशल्य शोषून घेते, आणि मागास भाग अधिक मागास होतो. एक कमतरता दुसरीला जन्म देते.

ही साखळी गावात डोळ्यांनी पाहता येते. तरुण जोडपी गेली की शाळेचा पट घटतो. पट घटला की शिक्षक कमी होतात, मग ज्याला परवडते तो आपले मूल तालुक्याच्या शाळेत घालतो आणि काही दिवसांनी स्वतःही तिकडे राहायला जातो. प्रवासी कमी झाले की एसटीची फेरी बंद होते. फेरी बंद झाली की मुलींचे महाविद्यालय आधी सुटते. शेतकरी मुलाला लग्नासाठी मुलगी मिळत नाही, म्हणून तो शहरात किरकोळ का होईना नोकरी शोधतो. प्रत्येक कुटुंबाचा निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा असतो, तरी सगळ्यांचे निर्णय मिळून गाव ओसरते.

घरी पाठवलेला पैसा ही साखळी तोडू शकतो. ओडेड स्टार्क यांनी १९८५ च्या सुमारास दाखवले, की स्थलांतर हा एकट्या माणसाचा निर्णय नसून कुटुंबाचा विमा असतो. एक मुलगा शहरात असला तर पाऊस बुडाल्यावरही घरात पैसा येतो आणि त्या भरवशावर उरलेले कुटुंब नवे पीक घेण्याचे धाडस करते. पण हा पैसा विहीर, ठिबक, शेळ्या किंवा शिक्षण यांत गेला तर गावाचे उत्पन्न वाढते. तो घराच्या बांधकामात, लग्नात आणि मोटारसायकलीच्या हप्त्यांत गेला तर फिरून शहरातच जातो. पैसा कुठे मुरावा हे केवळ कुटुंबाच्या शहाणपणावर सोडून चालत नाही. विहिरीला पाणी लागेल आणि मालाला भाव मिळेल अशी खात्री असेल, तरच कोणी शेतीत पैसा घालेल.

परतीच्या वाटा

माणसे परत आल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार. हे गाव पर्जन्यछायेत आहे आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तेथून माणसे मजुरीसाठी बाहेर पडली. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान स्वीकारले. डोंगरउतारावर समतल चर खणले, शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि उसासारख्या पिकांवर बंदी घातली. पुढे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. पाऊस किती पडला ते पाहून रब्बीत कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरते. पाणी टिकले तसा चारा आणि दूध वाढले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली. तेथे रोजगार हमीचा पैसा पाणलोटाच्या कामावर खर्च झाला, हे विशेष. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली महाराष्ट्राची रोजगार हमी दुष्काळात पोट भरण्यासाठी होती; हिवरे बाजारने तिच्यातून टिकाऊ मालमत्ता उभी केली.

जपानमध्ये गावे ओसरण्याचा प्रश्न याहून तीव्र आहे. २०२३ च्या पाहणीत तेथे सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. शिकोकू बेटावरील कामीकात्सु हे डोंगरातले छोटे गाव. १९८१ च्या कडाक्याच्या थंडीत तेथील संत्रावर्गीय फळबागा मेल्या. १९८६ पासून गावातील वृद्ध स्त्रिया जेवणाच्या ताटात सजावटीसाठी लागणारी झाडांची पाने गोळा करून शहरातील उपाहारगृहांना विकू लागल्या. पुढे रोजची मागणी त्यांना संगणकावर कळू लागली. या गावाची लोकसंख्या घटणे थांबले नाही, पण उरलेल्या माणसांचे उत्पन्न आणि आरोग्य सुधारले. माणसे कमी झाली तरी गावाचा अर्थव्यवहार जिवंत राहू शकतो, हे या उदाहरणातून कळते.

बाजारपेठेच्या गावाचे काम

प्रत्येक वाडी-वस्तीवर कारखाना येणार नाही आणि प्रत्येक गावाला हिवरे बाजारसारखे दीर्घ नेतृत्व लाभेल असेही नाही. म्हणून धाडसारख्या गावांकडे वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. रेव्हेनस्टाइन म्हणतात तसे माणूस टप्प्याटप्प्याने जातो; बाजारपेठेचे गाव हा पहिला टप्पा असतो. तिथेच काम, शिक्षण आणि दवाखाना मिळाला तर पुष्कळ कुटुंबांना पुढचा टप्पा गाठण्याची गरज उरत नाही. रोज जाऊन-येऊन काम करणे हा गाव टिकवणारा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

यासाठी लागणारी साधने याच परिसरात आहेत. धाड, भोकरदन आणि सिल्लोड हा सलग मिरचीचा पट्टा आहे. उन्हाळ्यात ठिबक आणि मल्चिंगवर लागवड करून पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हिरवी मिरची बाजारात आणणारे शेतकरी येथे आहेत. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईची मिरची बाजारपेठ बाहेरच्या व्यापाऱ्यांना परिचित आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन वाढले. दहा-वीस गुंठ्यांत वर्षभर मजुरी देणारे हे काम आहे आणि परागीकरणाच्या नाजूक कामात स्त्रियांचे कौशल्य मोलाचे ठरते. दोन्ही पिकांत कमी जमिनीवर जास्त रोजगार मिळतो. सोयाबीनने हिरावलेले कामाचे दिवस ती काही प्रमाणात परत देतात. मिरची वाळवणे, प्रतवारी, शीतगृह आणि पूड ही कामे बाजारपेठेच्या गावातच झाली तर त्यांची मजुरीही तिथेच राहील.

पतपुरवठ्याचा नमुनाही जिल्ह्यात आहे. राधेश्याम चांडक यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलढाणा अर्बन पतसंस्थेने गोदामे बांधून शेतमालावर तारण कर्ज देण्याची पद्धत रुजवली. काढणीच्या वेळी पडलेल्या भावात माल विकण्याऐवजी शेतकरी तो गोदामात ठेवून पैसे उचलू शकतो. जमीन नसलेल्या मजुराकडे तारण ठेवायला मालच नसतो. त्याला मुकादमाच्या उचलीला पर्याय द्यायचा तर बचत गटांमार्फत मिळणारे कर्ज दिवाळीच्या आधी, एकरकमी आणि पुरेसे मिळायला हवे.

पाण्याच्या बाबतीत ‘बुलढाणा पॅटर्न’ देशभर गाजला. महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव-नाल्यांतून उचलायचा. त्यामुळे रस्त्याचा भराव होतो आणि जलसाठाही वाढतो. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम सुफलाम’ या नावाने जिल्ह्यात गाळ काढण्याची मोठी मोहीम राबवली. साठा वाढला तरी तो वाटण्याचा नियम नसेल तर पहिल्या चार मोटारी त्याचा उपसा करतात. हिवरे बाजारने खोदकामाइतकेच उपशावरच्या नियमाला महत्त्व दिले, आणि तेच अनुकरण करण्यात सर्वांत कठीण आहे.

दळणवळणाचे चित्र बदलते आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. नाशवंत माल मुंबईला लवकर पोहोचणे आता शक्य आहे. हाच रस्ता माणसांनाही लवकर बाहेर नेतो. तो कोणत्या दिशेने जास्त वापरला जाईल, हे त्याला जोडणाऱ्या धाड-भोकरदनसारख्या आतल्या रस्त्यांवर आणि मालाच्या प्रक्रियेवर ठरेल.

स्थलांतर थांबवणे हे धोरणाचे उद्दिष्ट असू नये. पुण्याला जाऊन अभियंता होणाऱ्या मुलीला अडवण्याचा हक्क कोणालाच नाही आणि तिच्या जाण्याने गावाचे नुकसान होत नाही. थांबायला हवे ते नाइलाजाचे, उचलीत अडकलेले, मुलांची शाळा सोडायला लावणारे स्थलांतर. त्यासाठी प्रगती मोजण्याची एककेही बदलावी लागतील. मार्चमध्ये किती विहिरींना पाणी आहे, दिवाळीनंतर शाळेचा पट किती उतरतो, किती कोयते जुन्या बाकीपोटी जातात, बाजारपेठेच्या गावात किती माल प्रक्रिया होऊन बाहेर पडतो आणि किती स्त्रियांच्या हाती स्वतःची मजुरी येते, या पाच गोष्टींची नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीला दरवर्षी ठेवता येईल. धाड परिसरातील गावे ओसरत आहेत की सावरत आहेत, याचे उत्तर दहा वर्षांनी येणाऱ्या जनगणनेपेक्षा अशा नोंदींतून लवकर आणि अधिक खरे मिळेल.